किती किलोमीटरला

बॉनेट उघडायच्या आधी सगळे हेच विचारतात:
किती किलोमीटरला?
पुस्तकात तर दहा हजार लिहिलंय.
पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावात झाडं असणार,
ऑगस्टात तो खिडकी उघडी टाकून झोपत असणार.
मी हे तोंडावर बोलत नाही. दांडी ओढतो,
पुसतो, पुन्हा बुडवतो, पुन्हा ओढतो,
टिश्यूवर एक थेंब सोडतो
आणि टिश्यू गिऱ्हाइकाच्या हातात देतो.

काळं झालंय, म्हणतात.
काळं होणारच. काळं होणं हेच त्याचं काम.
बघायचं ते वेगळं:
थेंब कागदावर पसरतो, की मध्येच
गोळा होऊन बसतो, रुसल्यासारखा;
वास जळका येतो का;
दोन बोटांत चोळला तर कचकच लागते का.
इथे लागते. शमाल वारा सुटला की
फिल्टरलाही न विचारता वाळू आत जाते.

बोटांनी बघणं अब्बांचं.
दाभोळच्या खाडीत लाँच चालवायचे.
त्या इंजिनाला किलोमीटरचा काटाच नव्हता,
वहीत नुसते तास, शिसपेन्सिलीने, आणि शेजारी
कुणाची किती उधारी.
पाणी किती कापलं ते विचारू नको, म्हणायचे,
किती वेळ धडधडलं ते विचार.
मी तेव्हा अकरा वर्षांचा, मला फक्त
भोंगा वाजवायचा असायचा.

आता सलमाबादच्या या गल्लीत, पत्र्याखाली,
तेच वाक्य मी हिंदीत सांगतो, मोडक्या अरबीत सांगतो.
बहरीन एवढंसं, सरळ हाणली गाडी
तर तासाभरात रस्ताच संपतो.
लिस्सी सिस्टरची यारिस मुहर्रकहून सलमानियाला जाते:
सात किलोमीटर, परत सात.
अख्ख्या वर्षात काटा पाच हजाराला टेकत नाही.
पण ड्यूटी सुटल्यावर ती पार्किंगमध्ये
इंजिन चालू ठेवून, एसी फुल करून, सीट मागे टाकून
अर्धा तास बसते. कधी तास.
खोलीत चौघी जणी. कोट्टयमला मुलाशी
मोठ्यानं बोलायला एवढीच जागा.

गाडी उभी असते.
तेल चालत असतं.

सहा महिने, सिस्टर, मी म्हणतो,
काटा काहीही म्हणो.
ती म्हणते, पण मी कुठे गेलेच नाही.

यावर काय बोलणार. मी खाली सरपटतो,
बोल्ट सैल करतो. गरम तेलाचा एक ओघळ
मनगटावरून कोपरापर्यंत जातोच,
वीस वर्षांत चुकवता आलेला नाही.
नव्या फिल्टरच्या रबरावर नव्या तेलाचं बोट फिरवतो,
हातानेच घट्ट करतो, पान्याने नाही.
थापा म्हणतो, उस्ताद, वॉशर जुनाच लावू?
शंभर फिल्सचा वॉशर. नवा आण, गाढवा.

मग स्टिकर.
किलोमीटरच्या रकान्यात आडवी रेघ.
तारखेच्या रकान्यात: पंधरा मार्च.
लिहून झाल्यावर आठवतं,
माझा व्हिसा फेब्रुवारीपर्यंतच आहे
आणि रिन्यूला पासपोर्ट दे, असं
मालक अजून म्हणालेला नाही.
काचेच्या कोपऱ्यात स्टिकर लावतो, अंगठ्याने दाबतो,
हवेचा एक फुगा राहतो तो राहतोच.

सिस्टर पैसे देऊन जाते. मी हात पुसत म्हणतो,
थापा, मार्चात ही गाडी आली की काटा बघू नको.
विचार तिला, मुलगा कितवीत गेला,
हल्ली फोनवर किती वेळ बोलतो.
थापा हसतो. हे तेलासाठी?
तेलासाठीच रे. दुसऱ्या कशासाठी विचारायचं आपण?